चूल, ताट आणि मधली वाट

जव्हार तालुक्यातील दाभोसा या गावी मोबाइलवर बोट टेकवून बिर्याणी मागवण्याची सोय नाही, आणि ती नाही म्हणून तेथे कोणाचे अडलेलेही नाही. लेंडी नदीवरचा धबधबा पाहण्यासाठी पावसाळ्यात मुंबई-नाशिककडून जी मंडळी येतात त्यांना घरगुती जेवण हवे असेल तर आधी सांगून ठेवावे लागते. मग कोणाच्या तरी घरी चूल पेटते आणि तांदळाची किंवा नागलीची भाकरी, उडदाची आमटी, एखादी रानभाजी असे जेवण पुढ्यात येते. रांधणारी बाई आणि जेवणारा पाहुणा यांच्यामध्ये एका उंबरठ्यापलीकडे अंतर नसते. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत मात्र हेच अंतर गेल्या दहा-बारा वर्षांत एक स्वतंत्र आणि प्रचंड भांडवल खेचणारा धंदा बनले आहे.

या धंद्याचा विचार समाजवादी चळवळीने आजवर गंभीरपणे केलेला नाही. बाहेरचे खाणे ही मध्यमवर्गाची चैन, तिच्याशी श्रमिकांच्या चळवळीला काय कर्तव्य, असा समज त्यामागे असावा. तो समज आता सोडून द्यायला हवा. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या दरमहा खर्चातील ९.६२ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातील १०.६४ टक्के हिस्सा पेये, तयार खाणे आणि प्रक्रिया केलेले अन्न यांवर जातो. तृणधान्यांवर जाणारा हिस्सा अनुक्रमे ४.९१ व ३.६४ टक्के इतकाच आहे. रेशनवरच्या फुकट धान्याची किंमत या हिशेबात नाही. पण ती धरली तरी चित्र पालटत नाही. ज्या देशात एके काळी ज्वारी-तांदळाच्या भावावरून सरकारे गडगडत, त्या देशातले कुटुंब आज धान्यापेक्षा तयार खाण्यावर अधिक खर्च करते. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या स्त्रियांना तेल, साखर, रवा यांचे भाव विचारायचे होते. त्यांच्या नातींना शिजवलेल्या ताटाचा भाव विचारावा लागणार आहे, आणि तो भाव कोण ठरवतो हे शोधून काढणे पूर्वीपेक्षा फार कठीण झाले आहे.

‘क्लाउड किचन’ हे नाव ऐकून काहीतरी आकाशस्थ वस्तू डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती असते एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात, तळघरात किंवा गल्लीच्या मागच्या तोंडाला. तिला बैठक नाही, पाटी नाही, गल्ल्यावर बसलेला मालक नाही. मराठीत तिला बिनबैठकीची खानावळ म्हणणे योग्य होईल. मागणी मोबाइलवर येते, अन्न डब्यात भरले जाते आणि मोटारसायकलवरचा मुलगा ते दारात पोचवतो. एकाच भट्टीवर चार नावांचे पदार्थ शिजतात. गिऱ्हाइकाला वाटते आपण आज लखनवी बिर्याणी आणि उद्या इटालियन पिझ्झा वेगवेगळ्या दुकानांतून मागवला. प्रत्यक्षात दोन्ही एकाच गाळ्यातून आलेले असू शकतात.

या प्रकाराचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. २००४ च्या सुमारास पुण्यात रोल विकणारे ‘फासोज’ नावाचे एक छोटे दुकान निघाले. पुढे त्याच्या शाखा वाढल्या. परंतु जागेची भाडी परवडेनात तेव्हा चालकांनी बैठका बंद करून केवळ घरपोच विक्रीचा मार्ग धरला आणि एका स्वयंपाकघरातून अनेक नावांनी विक्री सुरू केली. ‘रेबेल फूड्स’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीत ऑक्टोबर २०२१ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने पैसा आला, आणि तिचे मूल्य सुमारे १४० कोटी डॉलर ठरवण्यात आले. रोलच्या दुकानातून आखाती देशांच्या तिजोरीपर्यंतचा हा प्रवास उद्योजकतेचा नमुना म्हणून वाखाणला जातो. त्यात कल्पकता आहे हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. बैठक गेली, वाढपी गेले, रस्त्यावरच्या मोक्याच्या जागेचे भाडे वाचले. मग हे वाचलेले पैसे गेले कोठे?

ताट स्वस्त झाले असते तर ते जेवणाऱ्याकडे गेले असे म्हणता आले असते. आचाऱ्याचा पगार वाढला असता तर ते त्याच्याकडे गेले असे म्हणता आले असते. या दोहोंचाही डोळ्यांत भरेल असा पुरावा दिसत नाही. वाचलेल्या भाड्याचा मोठा भाग मागणी नोंदवून अन्न पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांकडे दलालीच्या रूपाने वळला आहे. देशात झोमॅटो व स्विगी या दोनच कंपन्यांच्या हाती हा बाजार जवळजवळ एकवटला. तिसरी स्पर्धक असलेल्या उबर ईट्सचा भारतातील धंदा झोमॅटोने जानेवारी २०२० मध्येच विकत घेतला. खानावळवाल्याला बिलाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी, कधी त्याहूनही अधिक, दलाली मोजावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर आपले नाव वरच्या ओळीत दिसावे यासाठी जाहिरातीचे पैसे वेगळे. गिऱ्हाइकांना द्यायच्या सवलतीचा भारही पुष्कळदा त्याच्याच अंगावर पडतो. आपले गिऱ्हाईक कोण, कोठे राहते, हे मात्र त्याला सांगितले जात नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध तक्रार केली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ही तक्रार करणारे मजूर नव्हते, हॉटेलमालक होते.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाची मीमांसा केली. ज्याने नांगर धरला नाही, बी पेरले नाही, तो केवळ सुपीक जमिनीचा मालक असल्यामुळे पिकाचा हिस्सा कसा उचलतो, हे त्याने दाखवले. खानावळीच्या धंद्यात ही सुपीक जमीन म्हणजे रस्त्याचा वर्दळीचा कोपरा. बिनबैठकीच्या खानावळीने त्या कोपऱ्याचे भाडे चुकवले खरे. परंतु कोपरा नाहीसा झाला नाही. तो रस्त्यावरून उठून मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसला, आणि खंडाची वसुली करणारा बदलला. पूर्वी दादर-परळला निदान शेकडो जागामालक होते. एकाशी पटले नाही तर दुसऱ्याकडे जाता येत असे. पडद्यावरच्या कोपऱ्याचे मालक दोन आहेत.

आणि वाटेच्या मालकाला केवळ वाटेवर समाधान कधी वाटत नाही. स्विगीने २०१७ पासूनच स्वयंपाकघरांसाठी तयार जागा पुरवायला सुरुवात केली होती. तो व्यवसाय तिने २०२३ मध्ये विकला. २०२४ च्या अखेरीस झोमॅटोच्याच मालकीच्या ब्लिंकिटने ‘बिस्त्रो’ नावाने दहा-पंधरा मिनिटांत नाश्ता-खाणे पोचवण्याचा उपक्रम काढला. झेप्टो कंपनीच्या ‘कॅफे’चीही तीच दिशा. म्हणजे कोणत्या गल्लीत कोणता पदार्थ किती वाजता खपतो याची माहिती हजारो खानावळवाल्यांच्या व्यवहारातून गोळा करायची, आणि नेमका तोच पदार्थ आपल्या नावाने विकायला बसायचे. टोलनाक्याच्या ठेकेदाराने स्वतःच्या मालमोटारी सुरू करून इतरांना नाक्यावर खोळंबवावे, तसलाच हा प्रकार आहे.

श्रमिकांची स्थिती या व्यवस्थेत दोन टोकांची आहे. मोटारसायकलवरचा मुलगा निदान दिसतो. उन्हापावसात तो लाल-नारिंगी सदरा घालून प्रत्येकाच्या दारात येतो. निती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाने अशा प्रकारच्या कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तवला होता. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली, पण ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणनिधीत भरायची आहे. मात्र कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा तिला घातलेली आहे. भागीदार म्हणून गौरवायचे, मालक-नोकर हे नाते नाकारायचे आणि मग कल्याणनिधीची चिमूट द्यायची, हा एकूण खाक्या. तरीही कायद्याने त्याचे अस्तित्व मान्य केले, एवढे तरी झाले.

दुसऱ्या टोकाला आचारी आहे. तो कोणालाच दिसत नाही. बैठक असलेल्या हॉटेलात गिऱ्हाईक भटारखान्याच्या दारावरून जाते, वाढप्याशी बोलते. आतला धूर आणि घाम त्याला निदान जाणवतो. बिनबैठकीच्या खानावळीत चार माणसे एका कोंदट गाळ्यात रात्री एक वाजेपर्यंत राबतात आणि हे बाहेर कोणाला कळतही नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ साली दहापेक्षा कमी कामगार असलेल्या जागा बहुतेक बंधनांतून मोकळ्या केल्या. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. नावे चार, गाळा एक आणि कामगार नऊ अशा ठिकाणी कामाचे तास कोणी मोजायचे? नवे सामाजिक सुरक्षेचे कायदे अन्न वाहून नेणाऱ्यासाठी आहेत. ते रांधणाऱ्याला त्यांत जागा नाही, कारण तो नव्या पद्धतीचा कामगार समजला जात नाही आणि जुन्या पद्धतीचे संरक्षण त्याच्या जागेला लागू होत नाही.

हे सगळे नवे आहे काय? घरापासून दूर राहणाऱ्या कष्टकऱ्याला शिजवलेले अन्न पुरवणे हा मुंबईत शंभर-सव्वाशे वर्षांचा व्यवसाय आहे. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटवून दहा-पंधरा गिरणी कामगारांचे दोन्ही वेळचे जेवण रांधणारी खानावळवाली बाई ही आजच्या बिनबैठकीच्या खानावळीची आजी. कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी पाळीवरून यायचा, जेवायचा आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचा. संप झाला की त्याची उधारी थांबायची आणि बाईची सुरू व्हायची. वाणी व्याजावर धान्य द्यायचा, सावकार मंगळसूत्र ठेवून घ्यायचा. गिरण्या बंद पडल्या तरी संप टिकायचा तो पुष्कळ अंशी या बायांच्या चुलींवर, आणि चळवळीच्या इतिहासात त्यांच्या नावाला जेमतेम एक ओळ मिळते.

गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभी केली. त्यांनी काय केले हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यांनी बायांना स्वयंपाक शिकवला नाही. तो त्यांना येतच होता. धंद्याची नाडी सावकाराच्या हाती आहे हे ओळखून त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार ठोठावले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या नसत्या, तर तारण म्हणून दोन पातेली आणि एक स्टोव्ह एवढेच दाखवू शकणाऱ्या बाईला कर्ज मिळण्याची कल्पनाही कोणी केली नसती. अर्ज गटाने, हमी गटाची, फेड गटाची. चूल तीच राहिली, गिऱ्हाईक तेच राहिले. मधला माणूस हटला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावच उठले आणि त्याबरोबर या खानावळींचे गिऱ्हाईकही. पण मंडळ टिकले, कारण बायांची पत आता त्यांच्या स्वतःच्या नावावर होती.

दुसरे उदाहरण डबेवाल्यांचे. परदेशी व्यवस्थापन शाळांनी त्यांच्या अचूकपणाचे इतके पोवाडे गायले की त्यांच्या संघटनेची खरी खुबी बाजूलाच राहिली. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या या माणसांनी १८९० पासून उभी केलेली व्यवस्था ही चालणाऱ्यांच्याच मालकीची आहे. डबा वाहणारा तेथे हिस्सेदार असतो. गटाची मिळकत गटात वाटली जाते. सायकल, लाकडी पाटी, लोकलचा पास आणि डब्यावरची रंगीत खूण एवढ्या भांडवलावर चूल आणि ताट यांच्यामधली वाट त्यांनी सव्वाशे वर्षे राखली, आणि त्या वाटेवर कोणाला खंड द्यावा लागला नाही. २०२० च्या टाळेबंदीने त्यांचे कंबरडे मोडले. रिकाम्या झालेल्या त्या वाटेवर आज कोणाच्या मोटारसायकली धावतात हे सांगायला नको.

या दोन उदाहरणांवरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढू नये. गिरणगावातली चूल बाईच्या हाडांवर पेटलेली होती. आज नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात, परगावची मुले-मुली शिकायला शहरात एकेकट्या राहतात, म्हाताऱ्या माणसांना रांधवत नाही. त्यांना शिजवलेले अन्न घरी मिळाले तर त्यात वावगे काहीच नाही. उलट बाईच्या मानेवरचे जू थोडे सैल होते. जागेचे भाडे परवडत नसलेल्या कित्येक गृहिणींनी याच मार्गाने स्वतःची छोटी खानावळ सुरू केली आहे. स्वयंपाक घराबाहेर पडावा, तो सामाजिक व्हावा, ही मागणी तर समाजवादी विचारातच फार जुनी आहे. वाद यंत्राशी नाही, मोबाइलशी नाही. वाद एवढाच आहे की स्वयंपाक सामाजिक होताना त्याची वाट खाजगी कशी झाली.

आता प्रश्न येतो, दाभोशाशी याचा काय संबंध? एक संबंध तर पाण्याचाच आहे. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे २०१४ मध्ये पुरे झाले. अंधेरी-पवईच्या गाळ्यांतला भात वैतरणेच्या पाण्यात शिजतो आणि त्याच मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. दुसरा संबंध हातांचा. भात कापून झाला की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी, वसई-विरारकडच्या बांधकामांवर जातात. शहराचे गाळे बांधणाऱ्या हातांत हे हात आहेत. पण या दोहोंहून जवळचा आणि तातडीचा संबंध तिसरा आहे. बिनबैठकीच्या खानावळीची जी पद्धत शहरात भांडवलदारांनी आणली, तीच पद्धत सरकारने या जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या जेवणासाठी आणलेली आहे. तिचे नाव मध्यवर्ती स्वयंपाकगृह.

आश्रमशाळांमधले निकृष्ट जेवण ही जुनी आणि खरी तक्रार होती. तिच्यावर उपाय म्हणून आदिवासी विकास विभागाने नाशिक जिल्ह्यात मुंढेगाव आणि पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ कांबळगाव येथे मोठी यांत्रिक स्वयंपाकगृहे उभी केली. एका ठिकाणी हजारो मुलांचे अन्न वाफेवर शिजवायचे, बंद डब्यांत भरायचे आणि गाड्यांनी शाळाशाळांवर पोचवायचे. वाफेची यंत्रे, स्वच्छतेची मानके, खरेदीतील काटकसर, हिशेबाची शिस्त हे त्याचे फायदे कागदावर निर्विवाद आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणू प्रकल्पातील वीसच्या आसपास आश्रमशाळांमधील अडीचशेच्या घरातील विद्यार्थ्यांना विषबाधा झाली. त्यांचे जेवण कांबळगावच्या स्वयंपाकगृहातून आलेले होते. या घटनेवरून सगळी पद्धतच विषारी ठरवणे अन्यायाचे होईल. गावातल्या चुलीवरचे अन्नही नासते. मात्र गावातले अन्न नासले तर एका शाळेला बाधा होते आणि दोष कोणाचा हे दुपारपर्यंत कळते. एका भट्टीतून शेकडो डबे निघतात तेव्हा एक चूक वीस गावांत एकाच दिवशी जाऊन पोचते. आणि मुलाने ताट पुढे सरकवून ‘भात कच्चा आहे’ म्हटले, तर ते ऐकणारा माणूस तीस-चाळीस कोसांवर असतो. खाणाऱ्याचा आवाज रांधणाऱ्यापर्यंत जात नाही, हा या पद्धतीचा मूळ दोष शहरात आणि येथे एकच आहे. शहरातला माणूस निदान दुसरीकडून मागवू शकतो. आश्रमशाळेतल्या मुलाला ती सोय नाही.

जव्हार-मोखाड्यात अन्नाचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न आहे, याची आठवण कार्यकर्त्यांना करून देण्याची गरज नसावी. १९९२-९३ साली वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा सगळा देश हादरला. जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आले ते त्यानंतर. २०१६ साली मोखाड्यातल्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी हाच प्रश्न पुन्हा विधिमंडळात आणि न्यायालयात नेला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक केले. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असेही पुढे २००४ मध्ये बजावले. तरीही महाराष्ट्रात या आहाराचे ठेके बड्या पुरवठादारांना सोयीच्या पडतील अशा अटींनी निघत राहिले. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला सुमारे ६,३०० कोटी रुपयांची अशी निविदा रद्द करून स्थानिक बचत गटांना वाव देण्यास सरकारला सांगावे लागले. शहरांतील शाळांसाठी केंद्रीय स्वयंपाकगृहांची पद्धत आली तेव्हाही अनेक ठिकाणी बाजूला पडले ते बायांचे बचत गटच. उलाढालीची अट घातली की गरीब बाई आपोआप बाद होते. तिला वेगळे नाही म्हणावे लागत नाही.

याच्या उलट वाटेने गेलेली योजनाही याच राज्यात आहे. २०१५ साली आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण, गरम जेवण आणि बालकांना अंडी किंवा केळी, असे तिचे स्वरूप. जेवण गावातच शिजते. खरेदी आणि देखरेख गावातली आहार समिती करते आणि तीत गावातल्या बायाच असतात. ठेकेदार नाही, मालमोटार नाही, बंद डबा नाही. रांधणारी बाई जेवणारीला नावाने ओळखते. एखादी दोन दिवस आली नाही तर ती का आली नाही हेही तिला ठाऊक असते. यंत्राला ही गोष्ट शिकवता येणार नाही.

पण या चुलीत सरकार लाकूड घालते किती? निधी महिनोन् महिने अडकतो आणि अंगणवाडी सेविकेला पदरमोड करून किंवा वाण्याकडे उधारी करून जेवण चालू ठेवावे लागते, ही तक्रार जुनी आहे. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईसाठी केंद्र सरकारने २००९ साली धरलेले मानधन महिना एक हजार रुपये. महागाई कितीपट झाली तरी केंद्राचा आकडा हलला नाही. राज्याने भर घालून २०२३ मध्ये ते अडीच हजारांवर नेले. म्हणजे दिवसाला शंभर रुपयेही नाहीत. गिरणगावातल्या खानावळवालीला सावकार नाडत होता. जव्हारच्या स्वयंपाकिणीला सरकार नाडते. आणि मग अशा उपाशी ठेवलेल्या चुलीची तुलना कोट्यवधी रुपयांच्या वाफेच्या यंत्राशी करून ‘स्थानिक स्वयंपाक अकार्यक्षम’ असा शेरा मारला जातो. अकार्यक्षमतेचा हा हिशेब ज्या कोणी मांडला असेल त्याने त्यात बाईची मजुरी शून्य धरलेली आहे, आणि डिझेल, डबे व रस्ते कोणाच्या खात्यात टाकले हे सांगितलेले नाही. पावसाळ्यात घाटातली दरड कोसळली की बंद डबा वाटेतच राहतो, ही बाब तर त्या हिशेबात बसतच नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे म्हणून दोन ठिकाणचे काम आहे आणि ते एकमेकांपासून वेगळे नाही. शहरात मोटारसायकलवरच्या मुलांच्या संघटना उभ्या राहत आहेत. त्यांत गाळ्यातला आचारी आणि घरातून खानावळ चालवणारी बाई यांनाही ओढले पाहिजे. दलालीला कायद्याने कमाल मर्यादा, वाटेच्या मालकाला चूल मांडण्याची बंदी आणि खानावळवालीला तिच्या गिऱ्हाइकांची यादी मिळण्याचा हक्क, या मागण्या हॉटेलमालकांच्या संघटनेवर सोडून चालणार नाही. ते आपल्यापुरते बघतील. केंद्राने २०२१ च्या अखेरीस खुल्या डिजिटल व्यापारासाठी ओएनडीसी नावाची कंपनी स्थापन केली. मक्तेदारीला पर्याय म्हणून तिचा गाजावाजा झाला. सार्वजनिक वाट बांधायची कल्पना चांगली. पण नुसता रस्ता बांधला आणि त्यावर चालायला बायांच्या हाती काहीच दिले नाही, तर त्यावरूनही मोठ्यांच्याच मोटारी जाणार. १९७५ साली बँकेच्या कर्जाला गटाची जोड मिळाली म्हणून ते बाईपर्यंत पोचले. येथेही सहकारी गटाशिवाय काही साधणार नाही. सहकाराचे महाराष्ट्रात जे संस्थानिकीकरण झाले ते पाहता हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते हे खरे. डबेवाल्यांकडे पाहून ती थोडी सैल होते.

जव्हार-मोखाड्यात काम अधिक सरळ आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. येथील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी अधिकार दिलेले आहेत; आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पंचायतीकडे येतो. त्यातून अंगणवाडीला आणि शाळेला पक्के स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, गॅसची जोडणी आणि धान्याची उंदीर न शिरणारी कोठी करता येते. नागली, वरई, उडीद गावातल्याच शेतकऱ्याकडून घेण्याचा ठराव करता येतो. अमृत आहाराचे पैसे किती महिने थकले, स्वयंपाकिणीचे मानधन कधी मिळाले, याची नोंद दर महिन्याला ग्रामसभेपुढे वाचून दाखवता येते. आणि दूरच्या भट्टीतून बंद डबे आणण्याचा प्रस्ताव एखाद्या शाळेसाठी आला, तर त्यावर सही होण्याआधी मुलांना आणि त्यांच्या आयांना विचारण्याची अट घालता येते. पावसाळी भातलावणी उरकली की गावोगावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभा येतील. त्यांच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी कार्यकर्त्यांनी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडे जुलै संपण्यापूर्वी लेखी मागणी द्यावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.